ती गटातून का गेली?

रात्रीचे सव्वादहा वाजले असतील. भांडी आवरून, दुधाला विरजण लावून मी मोबाईल हातात घेतला. आमच्या अभ्यासगटावर एकोणतीस निरोप येऊन पडले होते आणि सगळ्यांत खाली ती बारीकशी राखाडी ओळ. एक सदस्य गट सोडून गेली होती. नंबर ओळखीचा होता. वैनगंगेच्या पलीकडची, धानोरा रस्त्यावरच्या एका खेड्यातली. वर जाऊन काय झालं ते वाचायचाही मला कंटाळा आला. म्हटलं, उद्या बघू. आणि झोपले.

मैत्रिणींनो, हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे मी थोडं शहाणपण सांगणार आहे आणि ते त्या रात्री माझ्याजवळ नव्हतं. गटाची ॲडमिन मीच होते.

आमचा गट २०२० च्या पावसाळ्यातला. करोनानं शाळा बंद पडल्या, मुलांचे धडे मोबाईलवर यायला लागले, आणि घरात ते समजावून सांगायला आईशिवाय दुसरं कोण? मूल, सिंदेवाही, सावली आणि नदीपलीकडच्या गडचिरोली भागातल्या बचत गटांमधल्या काही जणी एकत्र आलो. कोणाची शाळा दहावीतच सुटलेली, कोणी बारावी झालेली, दोन-तीन शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, दोन आशाताई. मुलांचा अभ्यास घेता घेता बायकांचाच अभ्यास सुरू झाला. कोणी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची चौकशी करू लागली, कोणाला सातबारा वाचायला शिकायचा होता, कोणाला वनहक्काचा दावा समजून घ्यायचा होता. बघता बघता साठ-पासष्ट जणी झालो. शाळा उघडल्या, तरी गट राहिला. नियम मात्र एकही नव्हता. बायकाबायकांत कसले आले नियम, असं मला वाटायचं. हळदीकुंकवाच्या दाराशी आपण कधी नियमांचा कागद लावतो का?

तर त्या रात्री झालं असं. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. दवाखान्यातून रोजची गोळी मिळते. मुलाला ताप होता, म्हणून तिनं गटावर विचारलं, तापात गोळी द्यायची की नाही. ती तिच्या बोलीत लिहिते. 'द्यावाची'चं 'देवाची' झालं. लगेच एकीनं लिहिलं, "देवाची गोळी? मग देवालाच विचारा!" त्याखाली हसणारे चेहरे. मी दुसऱ्या दिवशी मोजले, अकरा होते. लिहिणारी काही वाईट बाई नाही, गमतीची सवय आहे तिला. आणि त्या हसण्याच्या खाली कुठून तरी आलेला, पुढे पुढे ढकलला गेलेला एक निरोप कोणीतरी चिकटवला होता. सिकलसेल एकवीस दिवसांत मुळासकट बरा, गोळ्या ताबडतोब बंद करा, आणि खाली एका वैद्याचा मोबाईल नंबर. त्यावर कोणी 'हे खरं नाही' असं म्हटलं नाही. आमच्या दोन्ही आशाताईंच्या गावात त्या रात्री रेंज नव्हती. मी झोपले होते.

दोन आठवड्यांनी एका आशाताईचा फोन आला. मुलगा दवाखान्यात होता. हातपाय दुखून रात्र रात्र रडत होता. गोळ्या आठ दिवस बंद होत्या. गोळ्या बंद केल्या म्हणून त्रास उठला की थंडीनं उठला, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही, आणि मीही ते छातीठोकपणे सांगत नाही. पोरगा आता बरा आहे. पण माझ्या डोळ्यांसमोरून ती राखाडी ओळ जाईना.

मूलहून एसटी पकडली. सावली, व्याहाड, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, तिथून धानोऱ्याची गाडी. तिनं चहा केला. मी काय बोलावं ते मला सुचेना. शेवटी म्हटलं, "अगं, ते औषध खरं की खोटं, एकदा गटावर विचारायचं होतंस ना."

ती म्हणाली, "कशी विचारू ताई? एकदा विचारलं तं हासल्या. दुसऱ्यांदा काहाले विचारू?"

परतीच्या गाडीत मी तेच वाक्य चघळत होते. तोपर्यंत मी समजत होते की गटावर दोन वेगवेगळ्या भानगडी असतात. एक वागणुकीची, म्हणजे कोण कोणाला काय बोललं. दुसरी मजकुराची, म्हणजे काय खरं, काय खोटं, काय पुसावं, काय ठेवावं. पहिलीला मी बायकी रुसवेफुगवे म्हणून सोडून देत होते. पण तिच्या घरी ह्या दोन्ही एकच झाल्या होत्या. हसल्या म्हणून ती विचारू शकली नाही, आणि विचारू शकली नाही म्हणून खोटं तिच्या घरात शिरलं. शिकायला जमलेल्या माणसांत जिला विचारायची भीती वाटते, तिच्यापर्यंत खरी माहिती पोहोचतच नाही. ती कितीही सुंदर अक्षरात टाका!

सिकलसेल आपल्या दोन्ही जिल्ह्यांना नवा नाही. आई आणि वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक वेळा बाळ आजारी निघण्याचा संभव असतो. थंडी, ताप, पाणी कमी पडणं यांनी दुखणं उसळतं. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ पासून यासाठी देशभर मोहीम सुरू केली आहे. हे सगळं आमच्या आशाताईंना पाठ आहे. गटावर ते चार वेळा टाकूनही झालं होतं. तरी हे घडलं.

मग मी काय केलं? जे कोणीही घाबरलेली ॲडमिन करते तेच. मोबाईलमध्ये एक सोय असते, फक्त ॲडमिनच बोलणार, बाकीच्या वाचणार. ती लावली. शांतता झाली. खोटे निरोप बंद, भांडणं बंद, हसणं बंद. मी रोज सकाळी एक चांगला लेख टाकायची. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की गट ग्रामपंचायतीच्या फलकासारखा झाला आहे. लावणारा लावतो, जाणारा जातो. माझी मुलगी म्हणाली, "आई, तू एकटीच शिकून राहिली आहेस."

मग आमच्या एका शिक्षिका मैत्रिणीनं तयार नियमावली पाठवली. चौदा कलमं! 'सदस्यांनी उचित शिष्टाचाराचे पालन करावे', 'उल्लंघन केल्यास निष्कासन' वगैरे. निष्कासन हा शब्द वाचून दोघी आपणहून बाहेर पडल्या.

शेवटी सावलीला एका देवळाच्या सभामंडपात प्रत्यक्ष बैठक ठेवली. बावीस जणी आल्या. सिंदेवाहीकडच्या एक काकू, साठीच्या पुढच्या, चौथी शिकलेल्या, त्या म्हणाल्या, "बाई, आपल्या बचत गटाचे नियम कोणी लिहून धाडले होते का? बसून ठरवले ना?" आता पंचसूत्री वरूनच आली हे खरं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. पण उशिरा येणारीला दंड किती, बाळंतिणीला माफी किती महिने, नवरा दारू पिऊन बैठकीत आला तर वही कोणी उचलून न्यायची, हे आपणच ठरवलं. म्हणून तर ते चालतं. बाया मोबाईलवर गेल्या की हे सगळं विसरतात का? मी तरी विसरले होते.

पहिला वाद शुद्धलेखनावरून झाला आणि तो चांगला तासभर चालला. शिक्षिका मैत्रिणीचं म्हणणं, हा अभ्यासगट आहे, इथे चुका दाखवायच्या नाहीत तर कुठे? तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. केलं आहे, ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला भातातल्या खड्यासारखी लागते. पण धानोऱ्याकडच्या बाईला गोंडी ही मायबोली, झाडीबोली ही बाजारातली, आणि प्रमाण मराठी तिसरी. ती तिसऱ्या भाषेत प्रश्न विचारण्याचं धाडस करते आणि आपण तिच्या वेलांट्या मोजतो! शेवटी ठरलं असं की लिहिण्यातली चूक, जिची असेल तिनं विचारल्याशिवाय कोणी दाखवायची नाही. माहितीतली चूक मात्र तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर दाखवायची, मग ती टाकणारी शिक्षिका असो की ॲडमिन. निरोप चुकीचा म्हणायचा, बाईला मूर्ख म्हणायचं नाही.

'शुभ सकाळ'च्या फुलांवर बंदी घालावी हे तर सगळ्यांना मान्यच होतं, असं मी धरून चालले होते. तेव्हा त्याच काकू हळूच म्हणाल्या, "माझ्या घरी मले कोणी सकाळी बोलत नाही. तुमची फुलं येतात, थेवढंच." यावर काय बोलणार? फुलं सकाळी आठपर्यंत, असं ठरलं. त्यानंतर कामाचं.

वाघाचा विषय निघाल्यावर मंडप एकदम गप्प झाला. आपल्याकडे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे जंगलात जातात, आणि दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी रडारड असते. गेल्या उन्हाळ्यात गटावर एका मृत बाईचा फोटो आला होता. जशी सापडली तसा. पाठवणारीचा हेतू होता, सावध राहा. पण त्या बाईची पुतणी आमच्याच गटात होती, तिनं तो शेतावर बसून पाहिला. आता मृत माणसाचा फोटो कुठल्याही कारणानं टाकायचा नाही. वाघ दिसल्याची खबर मात्र नक्की टाकायची, कारण त्यावर जीव वाचतात. फक्त कुठे, कधी आणि कोणी स्वतः पाहिला हे लिहायचं. नाहीतर कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला, तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आपल्या नहराजवळचा म्हणून फिरतो आणि चार गावांची रोवणी थांबते. हा नियम मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांनाही लागू केला. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, ते असल्याच अफवेवरून. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. कंपनीला पाच जीव गेल्यावर सुचलं. आपण आधी सुचवून घ्यायला काय हरकत आहे?

दारूबंदीवर बोलणं हे राजकारण की अभ्यास, यावर फार वेळ गेला नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला झाली आणि २०२१ मध्ये उठली. ज्या बायका त्यासाठी पायी चालल्या त्यांना तुम्ही गप्प राहा म्हणायचं कोणाच्या तोंडानं? विषय चालेल, पक्षाचा प्रचार नको. झालं.

खरा अवघड प्रश्न होता काढून टाकण्याचा. एका रात्री एका सदस्येच्या नंबरवरून एक अत्यंत घाणेरडा व्हिडिओ आला होता. तो मी पुसला. (२०२२ पासून ॲडमिनला दुसरीचा निरोपही सगळ्यांच्या मोबाईलवरून पुसता येतो, ही सोय ज्यांना माहीत नसेल त्यांनी शिकून घ्यावी.) दहा जणी ओरडल्या, काढा तिला! मी काढलंही असतं. पण तिला फोन लावला तेव्हा कळलं, घरात मोबाईल एकच. दिवसा मुलाच्या अभ्यासाला, संध्याकाळी तिच्याकडे, रात्री नवऱ्याकडे. त्यानं मित्राला पाठवायचा तो आमच्याकडे आला. बिचारी फोनवर नुसती रडत होती. तिला काढलं असतं तर शिक्षा कोणाला झाली असती? शहरात एक नंबर म्हणजे एक माणूस असेल, आपल्याकडे एक नंबर म्हणजे एक घर असतं. म्हणून आता निरोप लगेच पुसायचा, पण बाईला काढण्याआधी तिच्याशी बोलायचं, आणि एकट्या ॲडमिननं काढायचं नाही. नदीच्या अलीकडच्या दोघी आणि पलीकडची एक, अशा आम्ही तिघी ॲडमिन आहोत. तिघींचं एकमत झालं तरच. आणि जिला काढलं तिला पुढच्या बैठकीत येऊन बोलायचा हक्क.

एकमत हा शब्द आम्हाला धानोरा रस्त्यानंच दिला म्हणा ना. तिच्या गावापासून मेंढा (लेखा) फार दूर नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्या गावामुळे सगळीकडे पोहोचली. २००९ मध्ये त्या गोंड गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण मला त्यांची दुसरी एक रीत जास्त मोलाची वाटते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कोणीही काहीही विचारावं, वाद घालावा, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही हात वर करून बहुमतानं नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत बसून. शिकण्याच्या जागी हार-जीत नसली की माणूस आपलं अज्ञान उघडं करायला घाबरत नाही. आमच्या गटावर मात्र प्रत्येक प्रश्नाचा निकाल लागत होता, हसणाऱ्या चेहऱ्यांनी!

हे सगळं सुरू असताना घरोघरचे पुरुष एकच पालुपद लावून होते. "ॲडमिन राहू नको, पोलीस नेतील." ही भीती अगदीच हवेतली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली होती. एकीनं तो लिहिला, दुसरीनं तो पसंत केला. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा मोठा गवगवा झाला, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. ॲडमिनच्या बाबतीतला निकाल तर आपल्या शेजारचाच आहे. गोंदिया जिल्ह्यात २०१६ मध्ये एका गटावर एका महिला सदस्येला दुसऱ्या सदस्यानं अर्वाच्य बोलल्याची तक्रार झाली. ॲडमिनवर आरोप असा की त्यानं त्या सदस्याला काढलंही नाही आणि माफीही मागायला लावली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. कोण काय टाकणार हे ॲडमिनला आधी कळू शकत नाही. दोघांचा आधीच ठरलेला बेत असल्याशिवाय दुसऱ्याच्या शब्दांचा गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही. ज्याचा शब्द, त्याची जबाबदारी.

निकाल योग्यच आहे. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला, तेव्हा कुठे त्यांची कटकट थांबली. पण वाचताना माझं मन त्या अनोळखी बाईपाशी अडकलं. साऱ्या गटानं वाचलं असेल ना ते? मग तिच्या बाजूनं कोणी काही लिहिलं की नाही? ॲडमिन कायद्यातून सुटला, आणि त्या रात्री झोपून गेलेली मीही सुटले असते. पोलीस नेणार नाहीत म्हणून माझं काम संपत नाही, एवढं मला माझ्यापुरतं कळलं आहे. तुम्हाला पटत नसेल तर जरूर कळवा. आमच्यातल्याही चार जणींना पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना घरची कामं आहेत, रात्री मोबाईलवर पहारा कोण देणार? हेही खरंच आहे. म्हणून रात्री नऊनंतर गटावर काही टाकायचं नाही असं ठरलं, पण दवाखान्याचा आणि वाघाचा निरोप सोडून. आता त्या दोन निरोपांसाठी तरी कोणीतरी जागं हवंच. आम्ही तिघींनी वार वाटून घेतलेत. माझे मंगळवार आणि शुक्रवार.

ती परत आली. तिला आणायला पुन्हा नाही जावं लागलं. जिनं गंमत केली होती तिनंच फोन केला, आणि काय बोलली ते मला दोघींनीही सांगितलं नाही. आल्यावर पाच-सहा दिवस गप्प होती. मग एक बोलका निरोप आला. म्हणाली, "नियम चांगले हायत. पण तुम्ही लिहून टाकले. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करावं?"

साठ जणींत हे एकीलाही सुचलं नव्हतं. काकूंना तर नातू वाचून दाखवत होता म्हणे, आणि तो कोणते नियम गाळत होता कोण जाणे! मग मी सगळे नियम माझ्या आवाजात बोलून टाकले. दुसऱ्या दिवशी तिनं ते गोंडीत टाकले. साडेतीन मिनिटांचे आहेत. मला त्यातले 'मोबाईल' आणि 'फोटो' हे दोनच शब्द कळले. मागे कोंबड्या ओरडत होत्या, आणि शेवटी तिचा मुलगा काहीतरी विचारतो आणि ती हसून त्याला उत्तर देते, तेही त्यात आलं आहे. ते कापून पुन्हा टाकू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.